घरी मित्रमंडळी जमल्यावर पोकरचा कोणता प्रकार खेळायला तुम्हाला सर्वात जास्त आवडतो?

आमच्याकडे पोकर म्हणजे तीन पत्ती, आणि तीन पत्तीत मुफलिस. होल्डेम, म्हणजे पोकरचा जगभर चालणारा प्रकार, मीही खेळलोय, पण नवख्यांना समजावण्यातच अर्धी रात्र जाते. तीन पत्ती मावशीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांना येते.

मुफलिस म्हणजे कंगाल. ज्याचे पत्ते सगळ्यात हलके, तो जिंकला. दुर्री-तिर्री-पंजी, तिन्ही एकाच चिन्हाची नसली, की त्यावर काही नाही. एक्का आम्ही मोठाच धरतो. काही घरांत लहान धरतात, तेव्हा आधीच ठरवून घ्या, नाहीतर बाराच्या सुमारास भांडण ठरलेलं. बाकी बूट (सुरुवातीला सगळ्यांनी मधे टाकायचं ते), ब्लाइंड (पत्ते न बघता खेळणं), चाल (पत्ते बघून लावलेली पैज), शो (शेवटी पत्ते उघडणं) सगळं नेहमीचंच. पोकरवाल्यांकडेही ही उलटी गंगा आहे, ते तिला लोबॉल म्हणतात.

मला हा प्रकार का आवडतो? साध्या तीन पत्तीत तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यातले १६,४४० म्हणजे निव्वळ कचरा: ना पेअर (जोडी), ना कलर (तिन्ही एकाच चिन्हाची), ना सिक्वेन्स (ओळीने तीन). चारातले तीन! माणूस पत्ते उचलतो, तोंड वाकडं करतो आणि पॅक, म्हणजे डाव सोडून मोकळा. मग सहातले चार जण मोबाइल बघत बसतात. मुफलिसमध्ये नेमका हाच कचरा कामाला येतो. ज्याला त्याला वाटतं, आपलेच पत्ते हलके. कुणी उठत नाही आणि मधला ढीग वाढत जातो.

फसतातही सगळे इथेच. माझा भाऊ राणी-सत्ती-चौकी घेऊन दणादण चाली देतो आणि आपटतो. सगळ्यात मोठं पान दश्शी किंवा त्याहून लहान, असा हात साधारण पाचात एकदा येतो. सहा जण बसले असतील तर तो कुणाकडे तरी आहेच असं समजा. हातात गुलाम दिसला की मी दोन चालींपुढे जात नाही. (भाऊ हे वाचणार नाही, म्हणून लिहितोय.)

गंमत म्हणजे डोळ्यांची सवय जात नाही. गेल्या कोजागरीला गच्चीवर बसलो होतो. दूध आटत होतं, मावशी ब्लाइंड खेळत होती. शो झाला. तिने पत्ते उलटले, तीन राण्या! "ट्रेल!" म्हणून ओरडलीच; साध्या तीन पत्तीत तीन सारखी पानं म्हणजे सगळ्यात भारी हात. समोरच्या काकांनी नव्वी-छक्की-तिर्री ठेवली आणि ढीग शांतपणे स्वतःकडे ओढला. तिला कळेपर्यंत पुढचं वाटप सुरू झालं होतं. जन्मात एखाद्या वेळी येणारी ट्रेल, तीही मुफलिसमध्ये. त्या रात्री ती दूधसुद्धा रागारागाने प्यायली.

पैसे लावू नका. आम्ही प्रत्येकी पन्नास चिंचोके घेतो. संपले तर शेजाऱ्याकडून उसने मागायचे, तेवढीच करमणूक.

आणि एक नियम पक्का ठेवा: कोणता प्रकार खेळायचा ते वाटणाऱ्याने पहिलं पान टाकायच्या आधी मोठ्याने सांगायचं. आमचे एक मामा आधी पत्ते वाटायचे, स्वतःचे तीन हळूच बघायचे आणि मग जाहीर करायचे, "हां, हा डाव मुफलिस." दोन दिवाळ्या गेल्या तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.