कापड चढवण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तीन प्रश्न विचारलेस: परदेशातून विमानाचा आराखडा मागवू का, इंजिन कुठलं घेऊ, आणि दर रविवारी तुमच्या शेडवर येऊन नेमकं करायचं काय. पहिले दोन तू अधोरेखित केलेस, तिसरा जाता जाता विचारलास. मी उलटीकडून सुरुवात करतो. तिसऱ्याचं उत्तर पटलं, तर पहिल्या दोघांची घाई आपोआप उतरेल.

विमान स्वतः बांधणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ म्हटलं की नव्या पोरांना वाटतं, रविवारी सगळे मिळून उडत असतील. आपल्याकडे उडत काहीच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये लाकडी रिबांचा, म्हणजे फासळ्यांचा, एक पंख घोडीवर उभा आहे, अॅल्युमिनियमचं एक सुकाणू टेबलावर पडलंय आणि कोपऱ्यात खोक्यांचा ढीग आहे. एवढं बघून पुष्कळ जण पहिल्या रविवारनंतर परत येत नाहीत. त्यांचं चुकतं असं नाही. त्यांना उडायचं असतं, आणि त्यासाठी हडपसरचं ग्लायडिंग सेंटर आहे, फ्लाइंग स्कूल आहेत. बांधणं हा वेगळा नाद आहे.

अमेरिकेत या नादाचा केवढा मोठा संसार आहे ते तू यूट्यूबवर पाहिलंच असशील. १९५३ मध्ये मिल्वॉकीत पॉल पोबेरेझ्नी आणि त्यांच्या मित्रांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली. आज तिच्या शेकडो शाखा आहेत. १९७० पासून ऑशकॉशला जुलैअखेर त्यांची जत्रा भरते आणि त्या आठवड्यात त्या भागात दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात. आपल्या गड्ड्याच्या जत्रेला सवय झालेल्या माणसालाही ती गर्दी पाहून धाप लागेल. पण मला त्या जत्रेचं फार कौतुक नाही. मला कौतुक आहे ते त्यांच्या टेक्निकल काउन्सेलर नावाच्या पद्धतीचं. अनुभवी सभासद तुझ्या गॅरेजमध्ये येतो, पैसे घेत नाही, कसली सही-शिक्का देत नाही. अर्धवट पंख बघतो आणि काय दिसलं ते सांगतो. बस. विमान तयार होईपर्यंत अशा दोन-चार फेऱ्या होतात.

आपलं मंडळ तेवढ्याचसाठी आहे. तू केलेलं काम झाकलं जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी ते बघायचं.

विमानात महत्त्वाचं जे काही असतं ते बहुतेक आत असतं. एकदा पत्रा ठोकला किंवा कापड चढलं की आतला बोल्ट कित्येक वर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही. आणि स्वतःच्या कामाकडे बघताना आपली नजर आपल्याला सांभाळून घेते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी जन्मभर मागाच्या कारखान्यात फिटर होतो, तिथं चूक झाली तर धागा तुटायचा, माग बंद पडायचा, गाठ मारून पुन्हा सुरू. इथं ती सोय नाही.

तर रविवार असा जातो. साडेसातला चहा. उन्हाळ्यात साडेसहाला, कारण दहानंतर पत्र्याखाली माणूस उभा राहू शकत नाही. चहा होईतो एक जण कुठल्यातरी अपघाताचा अहवाल मोठ्यानं वाचतो. नवख्यांना हे अशुभ वाटतं. एकाच्या वडिलांनी तर मला फोन करून विचारलं होतं, पोराला हे असलं कशाला ऐकवता. ऐकवतो, कारण वाचून झाल्यावर सगळ्यांना एकच प्रश्न असतो: हे आपल्या शेडमध्ये कुठं घडू शकतं? स्वतः बांधलेल्या विमानाचं इंजिन बंद पडलं की लोक इंजिनाला शिव्या देतात. खोड अनेकदा इंधनाच्या नळीत निघते. अमेरिकेतल्या चाचणीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की टाकीतलं इंधन नुसत्या उतारानं येत असेल, तर इंजिनाला जास्तीत जास्त लागेल त्याच्या दीडपट आलं पाहिजे. पंप असेल तर सव्वापट. आणि तेही विमानाचं नाक चढणीच्या कोनात वर ठेवून मोजायचं, सपाट जमिनीवर नाही. आपण घोडीवर टाकी बांधून, घड्याळ आणि मापाचं भांडं घेऊन हे करतो. तू मेकॅनिकलची आहेस, पुढच्या खेपेचं हे मोजमाप तुझ्याकडे.

त्यानंतर उघड्या कामाची पाळी. ज्याचं काम असेल त्यानं ते टेबलावर ठेवायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, विशेषतः इंजिनिअरांना. बाकीचे भिंग, टॉर्च, व्हर्निअर घेऊन वाकतात. शंका आली तिथं लाल टेपचा तुकडा चिकटवतात. पेन्सिल चालत नाही, शिशाच्या रेघेखाली अॅल्युमिनियम गंजतं. वहीत दोष लिहायचा, शोधणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. हा नियम आम्ही भांडणं झाल्यावर केला.

सुरुवातीला तुझ्या हातात रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, येतील. एक अष्टमांश इंचाचा रिव्हेट, म्हणजे ३.२ मिलिमीटर. एक जण बाहेरून गन धरतो, दुसरा मागून लोखंडी ठोकळा. ठोकल्यावर मागचं शेपूट बसून साधारण ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच झालं पाहिजे. कडेपासून भोकाचं अंतर रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट तरी हवं. हे आकडे पाठ होतील. पण लाल टेप लागली की सगळेच पोरं ड्रिल घेऊन धावतात, तसं करू नकोस. किंचित वाकडा बसलेला रिव्हेट काढायला गेलं की भोक मोठं होतं, आणि मोठ्या भोकातला नवा रिव्हेट कधी कधी जुन्यापेक्षा वाईट. कुठला काढायचा आणि कुठला तसाच ठेवायचा, हे पुस्तकात अर्ध्या ओळीत लिहिलेलं असतं. टेबलाभोवती त्यावर तासभर वाद होतो. तो तास चुकवू नकोस.

बोल्टचंही तसंच. बाजारातला चकचकीत हाय टेन्साइल बोल्ट दिसायला देखणा असतो, पण विमानाच्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर फुलीची खूण असते आणि पिशवीसोबत कागद असतो. कागद नाही तर बोल्ट नाही. आणि जो बोल्ट सांध्यात फिरणार आहे, उदाहरणार्थ कंट्रोलच्या दांड्याचा, तिथं नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, नट कधीच नाही. तिथं खाचांचा कॅसल नट आणि स्प्लिट पिन. याबाबतीत कुणी 'चालतंय की' म्हणालं तर त्याचं वय, पगार, पदवी काहीही असो, ऐकू नकोस.

आता पंखाचं सांगतो, कारण तिथं आपलं सोलापूर कामाला येतं. पूर्वी विमानाला सुती कापड असायचं. नवं असताना इंचभर पट्टीनं ८० पौंड ओढ सोसली पाहिजे आणि वापरात ती ५६ च्या खाली गेली की कापड बदलायचं, असा दंडक होता. आता पॉलिएस्टर. ते सांगाड्याला चिकटवायचं आणि इस्त्रीनं आखडून घ्यायचं, आधी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, शेवटचा हात १७७ ला. इस्त्रीच्या चकतीवर विश्वास ठेवायचा नाही, थर्मामीटर लावायचा. फार तापली तर आखडायच्या ऐवजी कापड कायमचं सैल पडतं.

मग शिवण. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवा कापड वर ओढते, म्हणून ते प्रत्येक रिबला दोऱ्यानं बांधावं लागतं. पंख उभा करायचा, दोन माणसं दोन बाजूंना. हातभर लांब सुई रिबच्या एका अंगानं पलीकडे जाते, दुसऱ्या अंगानं परत येते, मेणाचा दोरा ओढून गाठ, आणि गाठ रिबच्या कडेला सरकवायची. टाके किती अंतरावर घ्यायचे ते विमानाच्या वेगावर ठरतं. प्रोपेलरच्या झोताच्या वाटेवर ते जवळ जवळ येतात. आमच्याकडे हे काम एक अक्का करतात. घरी तेलुगू, बाहेर मराठी, उमर शाळेचे गणवेश शिवण्यात गेली. त्या गाठ बोटांनी चाचपतात, डोळ्यांनी बघतसुद्धा नाहीत. पलीकडे सुई घ्यायला तू उभी राहा. सुई सरळ आली नाही की त्या नुसतं "ऊं" म्हणतात. तेवढ्यात कळतं.

सोलापूरच्या उन्हाचंही शिकून घे. इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून करायचा गोंद, कपात कालवून ठेवलंस तर एप्रिलमध्ये ते बघता बघता तापून दगड होतं. थोडं थोडं कालव, पसरट भांड्यात. आणि कधीतरी फळ्यावर हे गणित कर: आपलं गाव समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या आसपास, मेमध्ये पारा ४२ वर. त्या विरळ हवेत विमान पाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. धावपट्टी जास्त लागते, चढण कमी मिळते. थंड देशातल्या माहितीपत्रकातले आकडे वाचून इंजिन निवडायचं नसतं ते यासाठी. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडे तूर्त एवढंच उत्तर आहे.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, तरी मुद्दा तोच: स्वतः बांधलं म्हणून कुठल्याही माळावरून उडवता येत नाही, डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नोंदणी आणि परवानगी लागते. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, आणि चाचणीची उड्डाणं त्याच्याही नंतर. त्यामुळे पहिल्या दिवसापासून वही ठेव: तारीख, काम, फोटो, बिल. फोटोत तुझे हात दिसू देत.

रिमोटची मॉडेलं उडवतानाही नियम आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत अगदी जमिनीलगतही मोकळीक नाही. परवानगीशिवाय काही उडवायचं नाही. होटगी रोडचा विमानतळ गावाला चिकटून, म्हणजे शहराचा बहुतेक भाग त्यात आला. आणि नान्नजचा माळ मोकळा दिसतो म्हणून तिकडे जाऊ नका, ते माळढोकाचं अभयारण्य आहे. आपण लांब जातो, कुठं ते आलीस की कळेल.

एक सूचना पाहुण्यांबद्दल. दर काही रविवारी कुणीतरी येऊन म्हणतं, तळपद्यांनी राइट बंधूंच्या आधी चौपाटीवर विमान उडवलं होतं, तुम्ही कसल्या परदेशी आराखड्यांच्या मागे लागलात? वाद घालू नकोस. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्येच हे लोक ज्याचा दाखला देतात त्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथातली विमानं तपासून ती उडण्याजोगी नाहीत असं लिहून ठेवलंय, ते एकदा सांग आणि त्यांच्या हातात सँडपेपर दे. टिकले तर सभासद होतात. दोघे झालेत.

आराखड्याचे पैसे आत्ता भरू नकोस. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा शेडवर काढ, दुसऱ्यांच्या कामावर लाल टेप लाव, तुझ्यावर लागू दे. त्यानंतरही तोच आराखडा हवासा वाटला तर आपण मिळून मागवू, आयात शुल्काचा हिशेब मी करून देईन.

येत्या रविवारी ये. पायात बूट, ओढणी नको, केस बांधलेले. कानात घालायचे बोळे शेडवर आहेत, चष्मा तुझा तू आण. जेवण सगळे आपापलं आणतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेहमी उरते, तेव्हा दही आणलंस तर बरं. कॉलेजात केलेला एखादा जॉब, फाइल मारलेला का असेना, पिशवीत टाकून आण. पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवायचाय.

तुझा,
काका