आधी मार्क वाच

सातारा

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. ख्रिस्ती श्रद्धा समजून घ्यायची आहे, कुठून सुरुवात करू, असं विचारलंस आणि सोबत पुस्तकांची लांबलचक यादी पाठवलीस. यादी सध्या बाजूला ठेव. त्यातली बरीचशी पुस्तकं ख्रिस्ताविषयी कुणाला काय वाटतं ते सांगणारी आहेत. पहिल्या शिष्यमंडळींनी त्याची गोष्ट कशी सांगितली, ते आधी वाच.

मार्ककृत शुभवर्तमान घे. बायबलात येशूची गोष्ट सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यांमधलं ते सगळ्यात छोटं, सोळाच अध्यायांचं. पहिल्यांदा एका बैठकीत वाचून काढ, अर्थ लावत अडून राहू नकोस. दुसऱ्यांदा मात्र रोज एकच प्रसंग वाच. बायबल उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, ओळीने वाचायला घेणारी माणसं लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या अर्पणांच्या नियमांपाशी आली की दमतात, आणि पुस्तक कपाटात जातं. प्रकटीकरण या शेवटच्या, दृष्टान्तांनी भरलेल्या पुस्तकाने तर सुरुवात मुळीच करू नकोस.

दुसऱ्या वाचनात आठव्या अध्यायावर जरा रेंगाळ. बेथसैदा गावात येशूकडे एका आंधळ्याला आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो माणूस खरं तेच सांगतो. माणसं दिसताहेत, पण चालत्या झाडांसारखी. येशू पुन्हा डोळ्यांवर हात ठेवतो, तेव्हा कुठे त्याला स्वच्छ दिसायला लागतं. अर्धवट दिसतंय म्हणाला म्हणून येशू त्याच्यावर रागावला नाही, त्याला तसाच सोडूनही गेला नाही. तुझ्या पत्रात तू लिहिलंस की काही पटतं, काही अजिबात पटत नाही, आणि त्याचं तुला ओझं वाटतं. मला वाटतं, तुझ्यासाठी हा प्रसंग फार मोलाचा आहे. पुढच्याच अध्यायात आजारी मुलाचा बाप आहे. माझा विश्वास आहे, असं तो म्हणतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठी मदतही मागतो. त्याचा मुलगा बरा होतो.

मार्कच्या शेवटी, सोळाव्या अध्यायात आठव्या वचनानंतर, बऱ्याच आवृत्त्यांत तळटीप दिसेल. पुढचा मजकूर सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही. बिचकू नकोस. अशा तळटिपा छापणाऱ्यांनी वाचकापासून काही लपवलेलं नाही, एवढं लक्षात घे.

मग मत्तयाच्या शुभवर्तमानातले पाच, सहा, सात हे अध्याय, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला जात असताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार, म्हणजे बायबलाचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग, दिला. वाचीन असा शब्द दिला होता म्हणून टिळकांनी तो वाचायला घेतला, आणि या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. पुढे 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा जलविधी, घेतला. पण तुकाराम त्यांनी सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. म्हणून म्हणते, घरातली गाथा फडताळात टाकू नकोस. तुझ्या आजीच्या तोंडचे अभंग तुला ख्रिस्ताचं बोलणं समजायला मदतच करतील.

हेच टिळक शेवटच्या काळात आपल्या साताऱ्यात राहत होते. इथे 1917 साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाची ख्रिस्तभक्तांची मंडळी सुरू केली. तीत बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्यांनाही होती. मला त्यांच्या कवितेइतकंच हेही मोठं वाटतं. शोधणाऱ्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करायचं नाही, हे त्यांना नीट कळलं होतं.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचच. तू मुलगी आहेस म्हणून जास्तच आग्रह करते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ही बाई त्याच्यामागे गेली नाही. चिडली, रडली, काही वर्षं वेगळी राहिली, आणि विचार बदलला तो स्वतःच्या गतीने, स्वतःच्या डोक्याने. हे सगळं तिने इतक्या मोकळेपणाने सांगितलंय की कुणावरही दडपण येत नाही. पंडिता रमाबाईंची पत्रंही मिळाली तर बघ. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तिथल्या धर्मगुरूंशी आणि मठातल्या भगिनींशी कडाडून वाद घातले. पटल्याशिवाय मान डोलवायची त्यांना सवयच नव्हती. पुढे त्यांनीच मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं.

आता एक सावधगिरीची गोष्ट. विश्वास ठेव म्हणजे नोकरी लागेल, आजार पळेल, असं सांगणारी पत्रकं आणि व्हिडिओ तुझ्यापर्यंत येतीलच. ते बघण्यात वेळ घालवू नकोस. त्याऐवजी बायबलातलं ईयोब वाच, निर्दोष माणसाच्या दुःखाची ती गोष्ट आहे, नाहीतर स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. ते स्तोत्र अंधारातच संपतं, वर ओढून आणलेला दिलासा त्यात नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. दुःखात असलेल्या माणसाला देवाशी असंही बोलता येतं. आणि कुणी आजच्या आज निर्णय घे म्हणून मागे लागलं, तर सरळ उठून ये.

आईवडिलांपासून पुस्तक लपवू नकोस. मी वाचतेय, अजून काही ठरवलेलं नाही, असं साधं सांग. त्यांनी प्रश्न विचारले आणि उत्तर येत नसलं तर येत नाही म्हण. नुसत्या पुस्तकांनीही भागणार नाही. सांगलीत आहेस, मिरज हाकेच्या अंतरावर. एखाद्या रविवारी उपासनेला जा, मागच्या बाकावर बस. गाणी ऐक, म्हातारी माणसं प्रार्थना कशी करतात ते बघ. उपासनेनंतर पाळकांना गाठून तुझे अवघड प्रश्न विचार. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस देतात तेव्हा, बसून राहिलीस तरी चालतं, कुणी वाईट मानत नाही.

‘स्मृतिचित्रे’ची माझी प्रत पाठवते आहे. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, तुझ्या तू कर. मार्क वाचून झाला की लिही. काय पटलं ते लिहीच, पण कुठे अडलीस ते आधी लिही.

तुझी,
मावशी