रणगाड्याच्या गोळ्यात रमलेला मुलगा

प्रश्न: आम्ही लालबागला राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे. वर्षभर मोबाईलवर रणगाड्यांचेच व्हिडिओ बघतो. ‘आई, एकच गोळा, पण कधी फुटायचं ते त्याला तोफेत असतानाच सांगता येतं,’ असं जेवताना सांगत बसतो. त्यातली पडलेली घरं बघून मला घास जात नाही. तो म्हणतो, हेच बनवायला शिकायचंय. त्याचे बाबा म्हणतात, कॉम्प्युटर घे. यात खरंच करिअर आहे का? आणि मुलगा मारामारीत तर रमला नाही ना?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं मुलाचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. गोळ्याला कधी फुटायचं ते कसं कळतं, याचं त्याला कुतूहल आहे. हे इंजिनिअरचं कुतूहल आहे. त्याला घाबरू नका, पण त्याला एकट्यालाही सोडू नका.

तो काय सांगतोय ते आधी समजून घ्या. अमेरिकेच्या अब्राम्स रणगाड्यासाठी केलेला १२० मिलिमीटरचा ‘एम ११४७’ हा गोळा आधीच्या चार वेगवेगळ्या गोळ्यांचं काम एकटा करतो. जर्मनीचा ‘डीएम ११’ आणि इस्रायलचा ‘एम ३३९’ त्याच जातीचे. गोळा भरला की तोफेच्या मागच्या बाजूने त्याच्या फ्यूजला, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या भागाला, आज्ञा जाते: आपटताच फूट, भिंत भेदून आत गेल्यावर फूट, किंवा हवेत, लक्ष्याच्या डोक्यावर फूट. रणगाडा मुळात मोकळ्या मैदानासाठी घडवलेला. १९९४ च्या अखेरीस चेचन्याच्या ग्रोझ्नी शहरात रशियन रणगाडे गल्ल्यांत शिरले, तेव्हा वरच्या मजल्यांवरून आणि तळघरांतून त्यांच्यावर रॉकेटं आली. तोफ तेवढी वर उचलता येईना, तेवढी खाली झुकवताही येईना. शिवाय चिलखत भेदायला केलेला सळईसारखा गोळा घराच्या भिंतीला भोक पाडून निघून जातो. शहरातल्या लढाईला वेगळा गोळा लागतो, आणि रणगाड्यात चार प्रकार बाळगायला जागा नसते. म्हणून ही सगळी खटपट.

आता मुलाला एक गणित घाला. नळीतला प्रवास पाच मीटर धरायचा आणि बाहेर पडतानाचा वेग सेकंदाला १,००० मीटर. अकरावीच्या सूत्राने सरासरी त्वरण काढायला सांगा. उत्तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १०,००० पट येईल. म्हणजे २०० ग्रॅमचा त्याचा मोबाईल त्या क्षणी दोन टन वजनाचा होईल. एवढा धक्का खाऊनही फ्यूजमधलं सर्किट शाबूत राहिलं पाहिजे. आणि या वेगाला घड्याळ एक मिलिसेकंद चुकलं की स्फोट एक मीटर पुढेमागे होतो. त्याहून अवघड म्हणजे सुरक्षितता: गोळा हातातून पडला, गाडी खड्ड्यात आदळली, तरी फ्यूज झोपलेलाच राहायला हवा. गोळा खरोखर डागला गेलाय याच्या दोन वेगवेगळ्या खुणा पटल्याशिवाय त्याने जागं व्हायचं नसतं. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर इंजिनिअरिंग इथे आहे, आणि व्हिडिओत नेमकं तेच दिसत नाही. हे वाचून मुलगा खुलला तर गोडी खरी आहे. कंटाळला, तर त्याला फक्त स्फोट बघायचे होते.

रस्ता आहे, आणि तो तुमच्या घरापासून लांबही नाही. इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, किंवा स्फोटकांकडे ओढा असेल तर केमिकल. सीईटीत चांगले मार्क पडले तर माटुंग्याला व्हीजेटीआय आणि आयसीटी ही दोन्ही कॉलेजं आहेत. पदवी पहिल्या वर्गात, मग गेट परीक्षा. तिच्या मार्कांवर आणि मुलाखतीवर डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेत ‘सायंटिस्ट बी’ म्हणून घेतात. पुण्याला पाषाणमध्ये एआरडीई ही शस्त्रास्त्रांची आणि एचईएमआरएल ही स्फोटकांची प्रयोगशाळा आहे. गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञानाच्या संस्थेत एमटेक करता येतं. आयुध कारखान्यांच्या २०२१ मध्ये सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातल्या दारूगोळा बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय खडकीला आहे. इथे कामही खूप पडलंय. आपल्या टी-७२ आणि टी-९० रणगाड्यांची तोफ १२५ मिलिमीटरची, त्यात गोळा आणि त्याला ढकलणारी दारू वेगवेगळी भरतात. परदेशी १२० मिलिमीटरची रचना जशीच्या तशी उचलता येत नाही. पगार आयटीसारखा झपाट्याने वाढणार नाही आणि एकेका फ्यूजवर वर्षं जातील, हे मात्र त्याला आत्ताच सांगा.

बाबांचंही ऐका. फ्यूजच्या आत चिप आणि प्रोग्रॅमच असतो, त्यामुळे ते आणि मुलगा एकमेकांपासून वाटतात तेवढे लांब नाहीत. पुढे मन बदललं तर हीच विद्या गाडीच्या एअरबॅगमध्ये लागते: धक्का ओळखायचा, काही मिलिसेकंदांत निर्णय घ्यायचा, आणि चुकून कधीही उडायचं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त विचार केला. गोळा भिंत ओळखतो, भिंतीपलीकडे कोण आहे ते ओळखत नाही. शहरात भिंतीपलीकडे बहुतेक वेळा घर असतं. मुंबईने हा पेच पाहिलाय: नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसच्या छतावर कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरले, तेव्हा आत ओलीस होते आणि चारी बाजूंना भरलेली वस्ती. तुमचा मुलगा तेव्हा तान्हा असेल किंवा जन्मलाही नसेल, म्हणून त्याला हे तुम्हीच सांगा. मग विचारा, ‘आत जाऊन फुटणारा गोळा आपल्या चाळीच्या भिंतीतून आला तर?’ तो गप्प झाला तर मला काळजी वाटणार नाही. ‘ते तोफ डागणारा गनर बघेल’ म्हणाला, तर पुन्हा विचारा, कारण गनरला कोणते पर्याय मिळणार हे गोळा बनवणाराच ठरवतो. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पूरक करारात कलम ३६ आहे: नवं शस्त्र घेण्याआधी ते आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतं का, हे त्या देशाने तपासायचं. भारत त्या पूरक करारात सामील नाही, तरी मुलाने ते वाचावं. इंजिनिअरिंग आणि हा कायदा, दोन्ही कळणारी माणसं फार थोडी आहेत.

सीईटी झाली की त्याला एसटीने अहिल्यानगरला घेऊन जा. तिथे लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, जुने खरे रणगाडे मांडलेले आहेत. तुम्हीही सोबत जा. ज्या फटीतून आतली माणसं बाहेरचं बघत, ती शोधायला सांगा आणि तिच्यातून किती रस्ता दिसत असेल, याचा अंदाज दोघांनी मिळून करा. परतल्यावर तो काय म्हणाला ते मला जरूर लिहा.