केमिस्ट्री सोडण्याआधी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज वाचला. केमिस्ट्रीच्या मिडटर्मला ४८ मिळाले, कोर्स सोडून देऊ का, असं विचारलंयस. यावर हो-नाही सांगून भागणार नाही. उन्हाळ्यात कॉलेजकडून फायनान्शियल एड, म्हणजे शिक्षणासाठीची सरकारी मदत, थांबू शकते अशा वॉर्निंगची जी ईमेल आली होती, तिच्याशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे. म्हणून सविस्तर लिहिते. आधी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कॉलेजची गुणपत्रिका, उघडून समोर ठेव.

मामांनी फाइल केलेली केस इतक्या वर्षांनी लागली आणि तुम्ही ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत एडिसनला आलात, म्हणून तुला पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीची फेडरल सरकारची मदत, मिळते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांना ती मिळतच नाही. २०२५-२६ साठी ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे आणि परत फेडावी लागत नाही. बाबांची वेअरहाउसमधली नाइट शिफ्ट आणि आईचं डेकेअर यांत तुमचं घर कसंबसं चालतं, तेव्हा ही रक्कम किती मोठी आहे हे मी तुला सांगायला नको. पण दरवर्षी फाफ्साचा, म्हणजे फेडरल मदतीच्या अर्जाचा, फॉर्म भरला की झालं, असं तुम्ही घरात समजता, ते बरोबर नाही. अभ्यासात पुरेशी प्रगती आहे का हे कॉलेजला तपासावंच लागतं, तसा फेडरल नियम आहे. सॅटिस्फॅक्टरी अकॅडमिक प्रोग्रेस. ऑफिसात सगळे सॅप म्हणतात.

सॅपमध्ये तीन गोष्टी पाहतात. पहिली जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी. बहुतेक कॉलेजांत तो २.० लागतो. तुझा २.६ आहे, त्याची मला काळजी नाही. तिसरी म्हणजे कमाल मुदत. प्रत्येक कोर्सला ठरावीक क्रेडिट असतात; ६० क्रेडिटची असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, डिग्री असेल तर ९० क्रेडिट घेण्याच्या आत ती संपायला हवी, म्हणजे दीडपट. तूर्त तीही बाजूला ठेव. आपल्या मुलांचं घोडं अडतं ते दुसरीवर, आणि तुझंही तिथेच अडलंय. घेतलेल्या एकूण क्रेडिटपैकी किती पूर्ण केले, याचं प्रमाण. त्याला पेस म्हणतात आणि ते साधारण ६७ टक्के लागतं.

आता तुझाच हिशेब मांडू. गेल्या फॉलला, म्हणजे डिसेंबरपर्यंतच्या सेमिस्टरला, १२ क्रेडिट घेतलेस, स्टॅटिस्टिक्स मध्येच सोडलंस, ९ पूर्ण केलेस. ७५ टक्के, ठीक. स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीपासूनच्या सेमिस्टरला, पुन्हा १२ घेतलेस. मार्चमध्ये आजी गेल्या, तू सांगलीला गेलीस, परत आल्यावर दोन कोर्स सोडलेस, ६ पूर्ण झाले. एकूण २४ पैकी १५, म्हणजे ६२.५ टक्के. म्हणून वॉर्निंग आली. तुझं कॉलेज दर सेमिस्टरला तपासतं, हे तुझं नशीब. वर्षातून एकदाच तपासणाऱ्या कॉलेजांना वॉर्निंग देण्याची मुभाच नाही, तिथे मदत थेट बंद होते. पण वॉर्निंग एकाच सेमिस्टरची असते. डिसेंबरमध्ये पेस ६७ च्या वर नसेल, तर स्प्रिंगला पेल नाही.

या फॉलला तू १३ क्रेडिट घेतलेत, त्यातले ४ केमिस्ट्रीचे. सगळे पूर्ण केलेस तर ३७ पैकी २८, जवळजवळ ७६ टक्के. केमिस्ट्री सोडलीस तर ३७ पैकी २४, म्हणजे ६४.९. झालं का लक्षात? जो कोर्स सोडून तू जीव हलका करणार आहेस, त्याच्यामुळेच जानेवारीत पैसे थांबतील.

‘नापास होण्यापेक्षा सोडलेला बरा’ हे आपल्याकडे घराघरांत मुरलेलं आहे. मार्कशीटवर लाल शेरा नको, म्हणून आई-वडील स्वतःच कोर्स सोडायला सांगतात. ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे मध्येच सोडलेला कोर्स) आला की जीपीएला धक्का लागत नाही हे खरं. पण पेसमध्ये डब्ल्यू आणि एफ (नापास) सारखेच: घेतलेल्यांत धरले जातात, पूर्ण केलेल्यांत नाहीत. सेमिस्टर सुरू होताना अ‍ॅड-ड्रॉपच्या मुदतीत काढलेला कोर्स मोजला जात नाही, पण ती मुदत सप्टेंबरमध्येच गेली.

आणि डी हा पास ग्रेड आहे, हे आपल्या मुलांच्या गावीच नसतं. केमिस्ट्रीत डी मिळाला तरी ४ क्रेडिट पूर्ण धरले जातात. तुझा जीपीए एका डीने २.० च्या खाली जाणार नाही. नर्सिंगला सी लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून डीवर समाधान मान असं मी म्हणत नाही. पण पास झालेला कोर्स फेडरल मदतीवर आणखी एकदा करता येतो, तेव्हा वाट बंद होत नाही. माझं मत विचारशील तर कोर्स सोडू नकोस. आधी प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जा आणि सरळ विचार: राहिलेल्या परीक्षा आणि लॅब धरून मला पास होता येईल का? बहुतेक प्राध्यापक तिथल्या तिथे आकडे मांडून दाखवतात. ट्युटरिंग सेंटर फुकट आहे, तिथे जायला लाजू नकोस. आणि दुकानातले रविवारचे तास तरी डिसेंबरपर्यंत कमी कर.

प्राध्यापकांनी स्पष्ट सांगितलं की पास होणं शक्यच नाही, तरच डब्ल्यू घे. तेव्हा निदान जीपीए वाचेल. मात्र विथड्रॉची शेवटची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवर पाहून ठेव. जानेवारीच्या विंटर सेशनमध्ये ३ क्रेडिटचा एखादा कोर्स स्वतःच्या पैशाने करून पास झालीस, तर ४० पैकी २७ होतात, ६७.५ टक्के. पण त्यानंतर कॉलेज लगेच फेरतपासणी करतं का, हे फी भरण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसला ईमेलने विचार, म्हणजे उत्तर लेखी राहील.

काहीही झालं तरी सगळेच वर्ग एकदम सोडून घरी बसू नकोस. सेमिस्टरचा ६० टक्के काळ उलटायच्या आत सगळे कोर्स सोडले, तर मिळालेल्या मदतीचा काही भाग परत जातो आणि त्याचं बिल कॉलेज तुझ्या नावावर लावतं. ते थकलं की पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवणं अवघड होतं. चांगल्या हुशार मुली यात अडकलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि फार वाईट वाटतं.

मदत थांबलीच, तर अपील करता येतं. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू हे कारण नियमातच लिहिलेलं आहे. अर्जात दोन गोष्टी हव्यात: काय घडलं, आणि आता काय बदललंय. आपली मुलं पहिलीवर पानभर लिहितात आणि दुसरीवर ‘मी मेहनत करीन’ एवढंच. त्याने समितीचं समाधान होत नाही. किती तास काम कमी केलं, कुठल्या दिवशी ट्युटरकडे जाते, पुढच्या सेमिस्टरला कोणते कोर्स घेणार, हे लिहायचं. सांगलीहून आजींचा मृत्यूचा दाखला काकांना आत्ताच स्कॅन करून पाठवायला सांग, विमानाची तिकिटंही शोधून ठेव. डिसेंबरच्या सुट्टीत ऑफिसं बंद असताना ही धावपळ नको. अपील मान्य झालं तर प्रोबेशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती, मदत पुन्हा सुरू होते.

आई-बाबांना यातलं काहीच सांगितलेलं नाहीस, असं दिसतंय. सांग. बाबा चिडतील, थोडा वेळ बोलणार नाहीत. पण जानेवारीत बिल हातात पडल्यावर कळण्यापेक्षा आज कळू दे. तुला एकटीला जमणार नसेल तर रविवारी दुपारी मी येते, आपण दोघी मिळून सांगू.

प्राध्यापकांना भेटून आलीस की ते काय म्हणाले ते कळव. तोपर्यंत पोर्टलवर विथड्रॉचं बटण दाबू नकोस.

तुझी,
मावशी