फुल्यांची डायरी

वानवडीच्या, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बसल्याबसल्या पिशवीतून जुनी डायरी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. प्रार्थना चुकली की लाल फुली, सुनेवर आवाज चढला की दोन. जानेवारीची पानं नुसती लाल.

"ताई, आज रात्री डोळे मिटले तर प्रभू मला घेईल का हो? चाळीस वर्षं उपासनेला जातेय, पण खात्री वाटत नाही."

हा प्रश्न माझ्याकडे फार येतो, आणि विचारणारे बहुधा अगदी नेमानं चर्चला जाणारे असतात. सिस्टरांची झोप उडाली होती, म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. बायबलची वचनं ऐकवून झोप लागत नाही.

पुढच्या भेटीत बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढला. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचं दान, कर्मांनी मिळवलेलं नव्हे. आठवं-नववं वचन त्यांना तोंडपाठ होतं. "तेच तर," त्या म्हणाल्या, "पण माझा विश्वासच कमी पडतो." म्हणजे कर्मांचं खातं बंद करून बाईंनी विश्वासाचं उघडलं होतं!

मी विचारलं, "धाकटी बाळंतपणाला आली होती ना? राहण्याचे किती घेतलेत?"

त्या रागावल्याच. "लेकीकडून कुणी घेतं का?"

"काम करायची?"

"सव्वा महिना मी हात लावू दिला नाही. मग आपणच भाजी निवडायला बसायची." जरा थांबल्या. "दहावं वचन, नाही का?"

तेच. सत्कृत्यांसाठी आपल्याला निर्माण केलंय, असं ते सांगतं. लेकीनं निवडलेली भाजी हे काही भाडं नव्हतं.

"मग सुनेवर ओरडलं तरी चालतं?"

"नाही. सुनेची माफी मागा. तुमच्या फुलीनं तिला काय मिळतं?"

यावर त्या गप्प बसल्या. मग मी केडगावच्या पंडिता रमाबाईंचं सांगितलं. बाप्तिस्मा १८८३ साली झाला. पण आपल्याला धर्म सापडला, ख्रिस्त नाही, हे उमगायला आणखी आठ वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

"रमाबाईंना?" सिस्टरांनी दोनदा विचारलं.

डायरी अजून आहे. परवा म्हणाल्या, मंगळवारी एक फुली मारलीच, मग त्याच पानावर दुधाचा हिशोब लिहिला.