दोघंही दोर चढले, मग दहा लाख डॉलर एकालाच काहून?

तुम्ही विचारलं की अमेरिकन निंजा वॉरियर या अडथळे पार करायच्या टीव्ही शोच्या सातव्या सीझनमध्ये दोन जणांनी पूर्ण कोर्स (म्हणजे सगळे अडथळे) पार केला तरी बक्षीस एकालाच काहून, दुसऱ्याला एक डॉलरही नाही, हा अन्याय नाही का. माझं मत सांगतो. पैशाच्या बाबतीत अन्याय नाही झाला, नियम आधीपासून तोच होता. नावाच्या बाबतीत मात्र थोडा झाला, आणि इथल्या बाकी उत्तरांत सगळे पैशावरच भांडून राहिले म्हणून हे लिहितोय.

आधी काय झालं ते. 2015 चा सीझन, फायनल लास वेगासला, चार स्टेज. पहिल्या दोन घड्याळ लावून, तिसरीला वेळेचं बंधनच नाही, आणि चौथी म्हणजे नुसता एक दोर, 75 फूट, 30 सेकंदांत वर जाऊन बटन दाबायचं. 75 फूट म्हणजे साधारण सात मजले पकडा. जेफ ब्रिटन पहिले चढला, 29.65 सेकंद, म्हणजे अर्धा सेकंदही हातात उरला नव्हता. त्याच्यानंतर आयझॅक कॅल्डिएरो, त्याने 26.14 मध्ये संपवलं. नियम असा की शेवट गाठणारे एकापेक्षा जास्त असले तर ज्याचा वेळ कमी त्याचे पैसे, म्हणून सगळे दहा लाख डॉलर (तेव्हाच्या भावाने साडेसहा कोटींच्या वर) कॅल्डिएरोला. साडेतीन सेकंदांचा फरक बस. ब्रिटन टीव्हीचा कॅमेरामन, कॅल्डिएरो हॉटेलात टेबलं साफ करणारा आणि उरलेल्या वेळात डोंगर चढणारा, दोघंही काही पैसेवाल्या घरचे वाटत नाहीत, त्यामुळे वाईट तर वाटतंच.

पण लोक दोरावरच अडकतात, खरी गोष्ट तिसऱ्या स्टेजची आहे. तिथं पाय जवळपास कामाचेच नाहीत, सगळं हातांवर आणि बोटांवर. अल्टिमेट क्लिफहँगर म्हणून एक प्रकार आहे त्यात भिंतीला बारक्या पट्ट्या असतात, बोटांची पेरं कशीबशी टेकतील एवढ्याच, त्यावर लटकत सरकायचं आणि मधे हवेतून उडी मारून पुढची पट्टी परत बोटांनीच पकडायची. शेवटी फ्लाइंग बार, म्हणजे ज्या दांड्याला तुम्ही लटकलेले तोच दांडा झोका घेऊन पुढच्या खाचेत टाकायचा, तुमच्यासकट. हा शो 2009 ला सुरू झाला आणि तेव्हापासून 2015 पर्यंत एकाही अमेरिकन माणसाने तिसरी स्टेज पार केली नव्हती. एकानेही नाही! आणि त्या रात्री दोघांनी केली. दोघांनाही क्लाइंबिंगची सवय, हा योगायोग नाही, जिममध्ये छाती फुगवलेले भाऊ या स्टेजला खालच्या पाण्यात पडतात कारण पकड ही वेगळीच चीज आहे.

मी लहानपणी नागपूरच्या महाल भागात दोरीचा मल्लखांब शिकलो म्हणून हे जरा अंगाने कळतं. आमच्याकडे सर पहिले पायाच्या अंगठ्यात दोर धरायला शिकवायचे, हाताच्या जोरावर चढला की ओरडायचे, कारण दंड थकायच्या आधी पंजा सुटतो आणि मे महिन्यात नागपुरात तर तळहाताला असा घाम की विचारू नका. आता विचार करा की आधी तिसऱ्या स्टेजने बोटं पार पिळून काढलीत आणि मग 75 फुटांचा दोर. त्या हातांनी 29.65 काढणं सोपं नाही भाऊ, हारलेला बिरलेला नाही तो.

आता नावाचा मुद्दा. ब्रिटनने त्या सीझनमध्ये क्वालिफायिंगपासून दोरापर्यंत एकही अडथळा सोडला नाही, आणि शेवटचं बटन दाबणारा पहिला अमेरिकनही तोच. तरी कोणालाही विचारा पहिला अमेरिकन निंजा वॉरियर कोण, उत्तर येतं कॅल्डिएरो. त्यात कॅल्डिएरोची काय चूक, तो जास्त फास्ट होता, त्याने पैसे कमावले. गडबड शोच्या मांडणीची आहे. हा शो जपानच्या सासुके नावाच्या शोवरून घेतलाय, तो 1997 पासून चालू आहे आणि 2014 पर्यंत तिथं फक्त तीन जणांनी मिळून चारदा शेवट गाठला होता: 1999 ला अकियामा, 2006 ला नागानो, मग 2010 आणि 2011 ला उरुशिहारा. पहिले दोघं मासेमारीवाले, तिसरा बूट विकणारा. तिथं भांडण माणूस आणि कोर्स यांचं, शेजारी कोण उभा आहे त्याच्याशी देणंघेणं नाही. अमेरिकेने त्यावर दहा लाख डॉलर ठेवले की तीच गोष्ट रेस झाली. कोर्स कोणाला जमला आणि कोण फास्ट, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, यांनी एकाच चेकमध्ये दोन्हीचं उत्तर देऊन टाकलं.

मला विचाराल तर पैसे कॅल्डिएरोलाच द्यायचे, पण ब्रिटनसाठी वेगळी रक्कम आधीच ठेवायला पाहिजे होती. नंतर त्यांना थोडं सुचलं पण, पुढच्या काही वर्षांत कोणीच पूर्ण नाही केलं तरी सगळ्यात पुढे गेलेल्याला एक लाख डॉलर मिळायला लागले. आणि त्याची गरजही होती, कारण 2016, 2017, 2018 तिन्ही वर्षं कोणी दोर संपवायचं सोडा, तिसरी स्टेजच कोणाला जमली नाही.

तुम्ही अजून पाहिलं नसेल तर दोघांची तिसरी स्टेज आधी पहा, दोर नंतर, नाहीतर 29.65 हा आकडा नुसता उशीर वाटतो.