गठ्ठा मतदान संपल्याशिवाय लोकशाही प्रगल्भ होणार नाही का?

भारतात लोक अजूनही जात-समाज बघून मत देतात, मग आपली लोकशाही प्रगल्भ कधी होणार, असं तुम्ही विचारलंय. असे मतदार अडाणी असतात, हे यातलं गृहीतक मला मान्य नाही. ज्याला उत्पन्नाचा दाखला, घरकुल, शेतातला वीजजोड यांतलं काहीच ओळखीशिवाय मिळत नाही, तो ओळखीचाच माणूस निवडून देणार. 'आपला माणूस' निदान फोन तरी उचलतो. हा हिशेब त्याला करावा लागतो, याचं मला वाईट वाटतं.

घटनाकारांनी यावर पुष्कळ विचार केला होता. ब्रिटिशांनी १९०९ च्या कायद्याने मुस्लिमांना दिलेले आणि १९३२ च्या जातीय निवाड्याने दलितांना देऊ केलेले स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे जिथे त्या समाजाचा प्रतिनिधी त्याच समाजाचे मतदार निवडतात, स्वतंत्र भारतात राहिले नाहीत. कलम ३२५ प्रमाणे धर्म-जात न बघता सगळ्यांची एकच मतदारयादी. त्यामुळे बहुतेक ठिकाणी एकट्या जातीच्या बळावर जिंकता येत नाही, दुसऱ्यांच्या दारात जावंच लागतं. याची किंमत दलितांनी मोजली, हेही सांगायला हवं. राखीव जागेवर कोण यावं, हे बऱ्याचदा इतरांची मतं ठरवतात. खुद्द बाबासाहेब १९५२ मध्ये मुंबईत हरले.

आणि मतदार फक्त जातच बघतो, हेही खरं नाही. पुण्यात जन्मलेले समाजवादी नेते मधु लिमये १९६४ च्या पोटनिवडणुकीत बिहारमधल्या मुंगेरहून लोकसभेवर गेले. तिथे त्यांच्या जातीची मतं ती किती असणार! १९६७ ला पुन्हा निवडून आले आणि १९७१ मध्ये त्याच मुंगेरने त्यांना पाडलं. प्रगल्भता मला या पाडण्यातही दिसते. कुठल्याच उमेदवाराला 'ही मतं माझीच' असं धरून चालता येऊ नये.

जातीच्या नावाने मतं मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार ठरतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो अर्थ आणखी व्यापक केला. कागदावर छान आहे, पण समाजाच्या बैठकीत ठरतं ते कोण सिद्ध करणार?

त्यापेक्षा मला एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मत गुप्त असतं, वस्तीचं मत मात्र गुप्त राहत नाही. मतमोजणीनंतर केंद्रनिहाय आकडे बाहेर येतात आणि कोणत्या वस्तीने कुणाला मतं दिली, ते पुढाऱ्याला नेमकं कळतं. मग तिथला रस्ता अडतो, टँकर उशिरा येतो. समाजाचे म्होरके 'एकगठ्ठा द्या' म्हणतात, त्यामागे ही भीतीही असते. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत होत्या. यंत्रं आली आणि ती सोय गेली. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने मात्र विरोध केला. मतदारांना जातीवरून नावं ठेवण्याआधी आपण ही मागणी लावून धरायला हवी, असं मला मनापासून वाटतं.